कचारगडची यात्रा

गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांतील धनेगांवाजवळ, कचारगडच्या प्रचंड गुहा आहेत. तेथें शिलालेख शोधूं जाणारा प्रवासी रिकाम्या हातानें परतेल. शंभूनें कली कंकालीचीं तेहतीस मुलें याच गुहेंत कोंडलीं. लिंगो व जंगो रायताड यांनीं तीं सोडविलीं. पण त्या खटपटींत वादक हिरासुका पाटालीर शिळेखालीं सांपडून मेला, असें गोंड लोक सांगतात. ही केवळ दंतकथा म्हणून बाजूस सारावी, असें आम्हांस वाटत नाहीं. चार, पांच, सहा व सात देवांचे जे गट लिंगोनें घालून दिले असें मानतात, त्यांवरूनच गोंडांत अद्याप सोयरीक ठरते. एकाच गटांत विवाह होत नाहीं. किती राजांच्या ताम्रपटांस असा अंमल उरला आहे?

माघी पौर्णिमेस येथें दूरदूरच्या प्रांतांतून यात्रा लोटते. पाहुण्यानें 'जय सेवा' म्हणून अभिवादन करावें, आणि मोह म्हणजे निव्वळ मद्य ही शहरी समजूत घरीं ठेवून यावें. मोहाचीं फुलें वाळवून, भाजून, शिजवून खातात. टंचाईंत त्यांवरच कित्येक घरें तगलीं. चैत्रांत पहांटे झाडांखालीं त्यांचा सडा पडतो, तो वेंचावयास लहानथोर सारेच निघतात.