रंगाचे थर आणि ऐतिहासिक प्रमाण : विमानांच्या प्रतिकृतींच्या निमित्ताने

रामटेकच्या टेकडीवरील केवल-नरसिंह मंदिर वाकाटककालीन होय. त्याच्या मंडपाच्या भिंतीवर पिढ्यान् पिढ्या चुन्याचे हात दिले गेले. १९८० च्या दशकात ते थर काढले गेले, तेव्हा त्यांच्याखाली वाकाटककालीन शिलालेख आढळला. प्रभावतीगुप्तेचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे आणि म. म. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजेच रामटेक असे प्रतिपादन केले, हे सर्वश्रुत आहे. नव्याने उजेडात आलेल्या लेखाने वाकाटक-गुप्त संबंधांच्या चर्चेस आणखी एक साधन मिळवून दिले. इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक साधा नियम शिकावयास मिळतो. वस्तूचा वरचा रंग म्हणजे ती वस्तू नव्हे. प्रत्येक थराला स्वतःचा काळ असतो, आणि तो काळ ठरविल्यावाचून त्या थरावरून अनुमान काढता येत नाही.

हाच नियम आधुनिक काळातील साधनांनाही लागू पडतो. त्याचे एक उदाहरण वरकरणी करमणुकीच्या वाटणाऱ्या क्षेत्रात सापडते. ते क्षेत्र म्हणजे विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती.

ह्या प्रतिकृतींचा इतिहास केवळ छंदाचा नाही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लक्ष लाकडी प्रतिकृती मागविल्या होत्या. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकास आकृतीवरून क्षणात ओळखता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्या १:७२ ह्या प्रमाणात होत्या आणि हेच प्रमाण पुढे प्लॅस्टिकच्या संचांतही रूढ झाले. मोठ्या आकाराच्या प्रतिकृती मुख्यत्वे १:३२ व १:२४ ह्या प्रमाणांत होतात. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. तो १:७२ मध्ये सुमारे १० सेंटिमीटर, तर १:३२ मध्ये सुमारे २२ सेंटिमीटर भरतो. आकार वाढला की लहान प्रतिकृतीत खपून जाणारी चूक उघडी पडते. वैमानिकाचे आसन, चाकांच्या कप्प्यांतील नळ्या, पत्र्यांचे सांधे हे सर्व दिसू लागते. म्हणून मूळ संच बनविणाऱ्याखेरीज अन्य उत्पादकांनी काढलेले सुटे भाग घेण्याची प्रथा पडली. राळेसारख्या रेझिनमध्ये ओतलेली आसने, आम्लाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे व अनुक्रमांक हे त्यांतील प्रमुख प्रकार. असा प्रत्येक भाग एक ऐतिहासिक विधान असते: अमुक विमान अमुक काळी असे होते.

हे विधान किती नेमके असावे लागते, हे पाहण्यास महाराष्ट्रातील उदाहरण पुरेसे आहे. नाशिकजवळील ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या विमाननिर्मितीस जागा मिळाली, आणि सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ एफएल हा प्रकार तेथे १९६६ पासून तयार होऊ लागला. इंजिने कोरापूट येथे आणि विद्युत्-उपकरणे हैदराबाद येथे, अशी त्या योजनेची विभागणी होती. बाजारात मिळणारा संच मात्र पुष्कळदा नंतरच्या एमएफ प्रकाराचा असतो. दोहोंत बरेच अंतर आहे. एफएलची पाठ सडपातळ, तर एमएफची फुगीर. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या दोन खुंट्या, तर एमएफच्या चार. एफएलचे काचछत्र पुढच्या बाजूस उघडते, तर एमएफचे एका कुशीवर. एमएफच्या संचातून एफएल घडवावयाचा तर पाठ कापावी लागते, दोन खुंट्यांची भोके लुकणाने बुजवावी लागतात आणि छत्र व आसन बाहेरून आणावे लागते.

शस्त्रांविषयीही हेच. एफएलच्या अंगात तोफ नव्हती. १९६५ च्या युद्धाच्या अनुभवानंतर ह्या विमानाच्या पोटाखाली जीपी-९ हे तोफेचे वेगळे आवरण बसविण्याची सोय झाली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर ४७ व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानी एफ-१०४ पाडले ते ह्याच तोफेने. तोफेचे हे आवरण पोटाच्या मध्यवर्ती खुंटीवर बसते आणि जादा इंधनाची टाकीही तेथेच बसते. म्हणून त्या दिवसाचे म्हणून दाखविलेल्या विमानास पोटाखाली टाकी जोडली असेल, तर ती प्रतिकृती कितीही सुबक असली तरी तिने केलेले विधान असत्य ठरते. एका सुट्या भागाची निवड येथे युद्धप्रसंगाच्या वाचनाशी बांधलेली आहे.

रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. मिग-२१ एफएल विमाने आरंभी धातूच्या रुपेरी रंगात उडत असत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर मायावरण चढविले गेले. हे काम बहुतांशी तळांवरच, घाईने आणि हाताशी असलेल्या रंगांनी झाले. त्यामुळे सर्व विमानांना सारखा असा एक नमुना नव्हता. कोठे पट्टे, कोठे ठिगळे, अशी तुकडीतुकडीत भिन्नता आढळते. कुशल प्रतिकृतिकार हा क्रम जसाच्या तसा पाळतो. प्रथम काळे चकचकीत अस्तर, त्यावर रुपेरी थर, मग केसांवर मारावयाच्या फवाऱ्याचा एक पातळ हात आणि सर्वांत वर हिरवा रंग. वरचा रंग वाळल्यावर ओल्या कुंचल्याने हलके घासले की तो कपच्यांनी सुटतो आणि खालची चांदी दिसते. तंत्रज्ञांची पावले जेथे पडतात त्या पंखाच्या मुळाशी आणि वारा आदळतो त्या पुढच्या कडांशी झीज दाखवावयाची. इतरत्र ती दाखविली तर पुराव्यावाचून सजावट होते.

ह्या रंगांचे प्रमाण कोणते? पहिले साधन छायाचित्र, आणि ते बहुधा कृष्णधवल असते. दुसऱ्या महायुद्धकाळात वापरात असलेल्या एका जातीच्या फिल्मला लाल रंग जाणवत नसे. तिच्यावर लाल काळपट आणि निळा फिकट उमटतो. १९७१ पर्यंत प्रचलित झालेल्या फिल्मवर हा दोष नव्हता, परंतु हिरवा आणि तपकिरी यांच्या छटा करड्या रंगात जवळजवळ एक होतात. छायाचित्र सीमा दाखविते, वर्ण दाखवीत नाही. दुसरे साधन संग्रहालयातील विमान. दिल्लीतील पालम येथील वायुसेना संग्रहालय किंवा गोव्यातील नौदलाचे विमानसंग्रहालय येथील विमाने आकार आणि यंत्रभाग यांसाठी उत्तम साधन होत. तथापि जतनासाठी त्यांना पुन्हा रंग द्यावा लागतो. आजचा रंग हा सेवेतील रंग होता असे गृहीत धरणे म्हणजे चुन्याच्या शेवटच्या हातास वाकाटककालीन समजण्यासारखे होईल.

तिसरे साधन म्हणजे बाजारात मिळणारी चिन्हे, आणि तेच सर्वांत फसवे. कोणी एक चित्रकार एका छायाचित्रावरून रंग अनुमानितो; उत्पादक ते चित्र छापतो; दुसरा उत्पादक पहिल्यावरून घेतो; शेवटी तिघांची साक्ष एकच आहे हे विसरून ‘तीन साधने सहमत आहेत’ असे म्हटले जाते. हस्तलिखितांच्या परंपरेत एकाच आदर्श प्रतीवरून उतरलेल्या प्रतींना स्वतंत्र साक्षी मानीत नाहीत. तोच विवेक येथे हवा.

चिन्हांच्या बाबतीत हा विवेक सुटला तर काय होते, याचे प्रमाण स्वतः इतिहासच देतो. १९४२-४३ च्या सुमारास ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातून लाल रंग काढून टाकण्यात आला. जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी घोटाळा होऊन आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पडतील, ही भीती त्यामागे होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ निळ्या-पांढऱ्या अशोकचक्राचे चिन्ह राहिले आणि १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरा व आत हिरवा असे तिरंगी वर्तुळ आले. एकाच विमानाच्या आयुष्यात अशी दोन-तीन चिन्हे एकावर एक चढू शकतात. लाल वर्तुळाचे हरिकेन १९४४ च्या ब्रह्मदेशात दाखविणाऱ्या प्रतिकृतीने केवळ रंग चुकविलेला नसतो. माणसे ज्या भीतीपोटी रात्रीतून रंग बदलीत होती, ती भीतीच तिने पुसलेली असते.

ह्या विषयाकडे आता लक्ष देण्यास विशेष कारण आहे. एफएल प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये आणि मिग-२१ ची अखेरची विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे सेवेतून निवृत्त झाली. १९७१ मध्ये तळांवर रंगाचे डबे उघडणारे तंत्रज्ञ आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. कोणता रंग मिळाला, कोणी आखणी केली, किती हात दिले, हे त्यांच्याच स्मरणात असण्याचा संभव अधिक; अशा किरकोळ कामाची लेखी नोंद क्वचितच राहते. वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय नागपुरास आहे. विमानांची देखभाल हेच ज्या कमानीचे कार्य, तिच्या परिसरात अशा निवृत्त तंत्रज्ञांचा शोध घेणे विदर्भातील विद्यार्थ्यांस दुष्कर नाही. त्यांच्या साक्षी, तारखेची छायाचित्रे आणि स्क्वाड्रनच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यास एक विश्वसनीय साधनसंग्रह उभा राहील.

त्या कामात प्रतिकृतिकारांचा उपयोग मोठा आहे. अनुक्रमांकांच्या याद्या, एकाच विमानाच्या निरनिराळ्या वर्षांच्या छायाचित्रांची जुळणी, खिळ्यांच्या ओळींचे मोजमाप ही कष्टाची कामे छंद म्हणून त्यांनी केलेली असतात. त्यांच्या प्रतिकृतीसोबत एक छोटी टीप असावी, एवढीच अपेक्षा: विमानाचा अनुक्रमांक, दाखविलेला दिवस, आणि कोणता रंग पाहून दिला व कोणता तर्काने. अशी टीप असलेली प्रतिकृती अभ्यासकाच्या मेजावर साधन म्हणून ठेवता येईल. टीपेवाचूनची प्रतिकृती सुंदर वस्तू म्हणून कपाटात शोभेल.