नौकेचे चरित्र: एका अभ्यासशाखेची तोंडओळख

युद्धनौका कोणत्या गोदीत बांधली, पाण्यात कधी उतरली, कोणत्या ताफ्यात होती आणि कशी बुडाली, एवढे सांगितले की तिची हकिगत पुरी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. लहान नौकांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मन टॉर्पेडो बोटींना बहुधा नावे नसत. बांधणाऱ्या गोदीचे आद्याक्षर आणि एक आकडा, एवढीच त्यांची ओळख. ‘एस’ म्हणजे शिखाऊ, ‘व्ही’ म्हणजे व्हुल्कान, ‘जी’ म्हणजे गेर्मानिया.

‘एस-९०’ ही त्यांतलीच एक. १९१४ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या त्सिंगताव या जर्मन ठाण्याला जपानने वेढा घातला होता. १७ ऑक्टोबरच्या रात्री ही बोट वेढ्यातून निसटली आणि तिने ‘ताकाचिहो’ ही जपानी क्रूझर टॉर्पेडोंनी बुडवली. मागे फिरणे शक्य नव्हते. तेव्हा खलाशांनी ती चिनी किनाऱ्याला लावून स्वतःच नष्ट केली. बोटीचा वृत्तान्त इथे संपतो. ‘ताकाचिहो’बरोबर बुडालेल्या अडीचशेहून अधिक माणसांचा शोध घ्यायचा तर जपानी कागद उघडावे लागतात. नौकाचरित्राच्या अभ्यासाचे पहिले सूत्र हेच: नौकेचे चरित्र तिच्या एकटीच्या लॉगबुकात मावत नाही.

याचा सर्वांत जवळचा दाखला आपल्या मुंबईचा आहे. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची ‘वाख्टफेल्स’ ही मालवाहू बोट जर्मन आरमाराने तोफा, टॉर्पेडो नळ्या आणि चारशेहून अधिक पाणसुरुंग चढवून सज्ज केली व तिचे नाव ‘वोल्फ’ ठेवले. वरून पाहणाऱ्याला ती साधी व्यापारी बोटच वाटे. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कॅप्टन कार्ल आउगुस्ट नेर्गर तिला घेऊन कीलहून निघाला. केप ऑफ गुड होप आणि कोलंबोजवळ सुरुंग पेरून फेब्रुवारी १९१७ मध्ये ती मुंबईच्या वाटेवर आली, इथेही सुरुंग टाकले आणि निघून गेली.

मुंबईजवळचे स्फोट झाले ते काही महिन्यांनी. जून १९१७ मध्ये ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाली आणि २३ जूनला पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट. ‘वोल्फ’ तोवर हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ पोचली होती. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाजवळ तिच्याच सुरुंगाने ‘कंबरलँड’ला भगदाड पडले, तेव्हा तिथल्या सरकारने आधी घातपाताचा संशय घेतला. म्हणजे सुरुंग पेरणाऱ्याला परिणाम दिसला नाही आणि परिणाम भोगणाऱ्याला कर्ता. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी, ४५१ दिवसांनी ‘वोल्फ’ कीलला परतली, तिचे जंगी स्वागत झाले. जर्मन लॉगबुक आणि मुंबईच्या बंदरातले कागद एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

तिसरी बाजू खलाशांची. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर कोळसा ओढणारे, इंजिनाजवळ राबणारे अनेक जण हिंदुस्थानातले होते आणि त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही होते. पहिल्या महायुद्धात समुद्रातच हरवलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. नौकांच्या इतिहासात टनभार आणि तोफांचे व्यास काळजीपूर्वक नोंदलेले असतात. ही माणसे मात्र बहुधा ‘इतर खलाशी’ या रकान्यात जातात. तो रकाना उघडणे हे मराठी अभ्यासकाचे खास काम आहे, कारण त्यासाठी लागणारी भाषा, गावे आणि आडनावे त्याच्या ओळखीची आहेत.

नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या कन्हेरी, बारामती, इंदापूरकडच्या वाचकाला समुद्र लांबचा वाटेल. पण या अभ्यासाला जहाजावर चढावे लागत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे अभिलेखागार आहे. ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’चे त्या काळचे अंक आहेत, ते वाचताना युद्धकाळातली सेन्सॉरशिप ध्यानात ठेवावी. जर्मन आरमाराच्या युद्धनोंदी फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. नवख्या अभ्यासकाने एकच नौका निवडावी, तिची प्रत्येक तारीख दोन्ही पक्षांच्या कागदांवर ताडून पाहावी आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या बाजूनेही ती हकिगत एकदा लिहून काढावी.