आपले ओझे आपल्या चाकांवर



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की गड, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्यापुढे एक पिशवी सोडून बसणार आहे. सायकलवरून लांबच्या मुलखात फिरायचे, रात्री आपल्याच तंबूत मुक्काम करायचा, तर बरोबर काय घ्यावे, अंगावर काय घालावे आणि ते सायकलला कसे बांधावे, एवढाच आजचा विषय. विषय लहान दिसतो खरा. पण सामानाची यादी हा फार बोलका कागद असतो. माणसाजवळ पैसा किती, फुरसत किती आणि मुख्य म्हणजे त्याचे ओझे वाहतो कोण, हे तीनही प्रश्न त्या यादीवरून सुटतात.

तंबू-डेरा आपल्याला नवा नाही. १८३७ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड कलकत्त्याहून वरच्या प्रांतांच्या दौऱ्यावर निघाला. त्याची बहीण एमिली ईडन हिने त्या प्रवासाची पत्रे लिहून ठेवली आहेत. त्या लवाजम्यात सुमारे बारा हजार माणसे, साडेआठशे उंट आणि एकशेचाळीस हत्ती होते. हाही तंबूतलाच मुक्काम. पण त्या तंबूची एक मेखसुद्धा साहेबाला ठोकावी लागली नसेल. ज्याचे ओझे दुसरा वाहतो, तो ते कमी करण्याच्या विचारात पडत नाही. हलके सामान शोधण्याची गरज भासते ती ज्याच्या स्वतःच्या पायांवर भार पडतो त्याला.

असा एक माणूस पुढे पन्नासएक वर्षांनी याच हिंदुस्थानातून गेला. टॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेत जाऊन कोलोराडोच्या खाणीत काम केलेला तरुण. १८८४ च्या एप्रिलात तो सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात जपानमध्ये योकोहामा येथे पोचला. लाहोर ते कलकत्ता हा टप्पा त्याने ग्रँड ट्रंक रोडने काटला. निघताना त्याच्या हँडलच्या पिशवीत काय होते? मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी डगला. तो डगलाच त्याचा तंबू आणि तोच बिछाना. बारा हजार माणसांचे ओझे एका पिशवीत आले!

परंतु स्टीव्हन्स हा एकांडा शिलेदार. त्याच्यासारखी छाती दर माणसाला नसते, आणि दर माणसाला ती लागू नये. साध्या गृहस्थाला चार दिवस मोकळ्या हवेत काढता यावेत, त्याने भिजू नये, कुडकुडू नये, उपाशी राहू नये, यासाठी सामान पुरेसे हवे आणि हलकेही हवे. ते शक्य होण्यास कारखान्यांतील काही शोधांची गरज होती. १८८५ साली स्टार्लीने दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत सापडली आणि हा महाग धातू पुढे स्वयंपाकाच्या भांड्यांपर्यंत उतरला. १८९२ साली स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने रॉकेलचा बिनवातीचा स्टोव्ह तयार केला. त्याचे ‘प्रायमस’ हे नाव आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातही रुळले होते. सायकल आली, भांडे आले, चूल आली. राहिला तो तंबू आणि अंगावरचा कपडा.

हे काम एका शिंप्याने केले. टॉमस हायरम होल्डिंग हे त्याचे नाव. जन्म १८४४ चा. नऊ वर्षांचा असताना, १८५३ साली, तो आईबापांबरोबर अमेरिकेत गेला होता. तीनशे माणसांच्या तांड्याबरोबर बाराशे मैलांचे माळरान त्याने गाडीच्या वाटेने ओलांडले होते. पुढे लंडनात त्याने शिवणकामाचा धंदा केला आणि कपडे बेतण्यावर पुस्तके लिहिली. १८९७ साली तो तीन सोबत्यांसह आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकलवर तंबू बांधून हिंडला, आणि १८९८ साली त्या सफरीचे पुस्तक काढून वाचकांना आवाहन केले की ज्यांना असा प्रवास आवडतो त्यांनी पत्र लिहावे. त्या पत्रांतून १९०१ साली सायकलवरून छावणीला जाणाऱ्यांची संस्था उभी राहिली. सुरुवातीचे सभासद अवघे तेरा. १९०८ साली होल्डिंगने छावणीचा मोठा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्या संस्थेची परंपरा आजही ब्रिटनमध्ये चालू आहे.

हा मान शिंप्याकडे जावा यात नवल नाही. कापडाचे वजन शिंप्याला बोटांनी कळते. कुठल्या शिवणीवर ताण येतो, कुठे दुहेरी पट्टी हवी आणि कुठे कापड फुकट जाते, हे त्याच्या हातात मुरलेले असते. लष्करी तंबूचे जाड किंतान जाऊन त्या जागी घट्ट विणीचे पातळ सूत आणि रेशीम आले. अखंड दांड्याऐवजी तुकड्यातुकड्यांच्या बांबूच्या काठ्या आल्या. हा हिशेब पौंडात संपत नसे, तो औंसापर्यंत जाई. विद्यापीठातील पंडिताला न सुचलेली गोष्ट कारागिराला सुचते ती अशी. आपले ज्ञान त्याने हाताने मिळविलेले असते आणि चुकीची किंमत त्याला पाठीने मोजावी लागते.

आता त्या पिशवीत डोकावू. या प्रवाशांच्या अनुभवातून जे नियम ठरले ते आजही बदललेले नाहीत, कारण ते यंत्राच्या आणि शरीराच्या स्वभावावर आधारलेले आहेत. पहिला नियम असा की पाठीवर काही घ्यायचे नाही. पाठीवरचा भार शेवटी बैठकीवरच दाबतो, घामाने पाठ भिजते आणि तोल वर सरकतो. जड वस्तू चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या पिशव्यांत, शक्य तितक्या खाली आणि दोन्हीकडे समतोल ठेवाव्यात. स्वाराचे बरेचसे वजन आधीच मागच्या चाकावर असते. सगळे सामानही तिथेच लादले तर आरे तुटू लागतात, म्हणून थोडा भार पुढच्या चाकावर द्यावा. फुगीर पण हलकी वळकटी कॅरियरवर आडवी बांधावी. पंक्चरचे साहित्य, पान्हे आणि पावसाची झूल अगदी वर हवी, कारण पाऊस आणि पंक्चर या दोघांनाही निरोप पाठवून येण्याची सवय नाही. सकाळी दहिवराने भिजलेला तंबू घोंगडीच्या पिशवीत कधी कोंबू नये.

दुसरा नियम असा की एका वस्तूने दोन कामे करावीत. झूल दिवसा अंगावर, रात्री जमिनीवर. भांड्याचे झाकण हीच थाळी. जादा कपड्यांची पिशवी हीच उशी. आणि कपडे किती? एक जोड अंगावर, एक पिशवीत. धुऊन वाळत घालावे आणि पुढे चालावे. अंगालगत लोकर बरी, असे त्या लोकांचे मत होते. त्याला त्या काळी डॉक्टर येगर यांच्या लोकरीच्या पंथाने धर्मासारखे रूप दिले असले तरी मुळात अनुभव खरा होता. घाट चढताना माणूस घामाने भिजतो आणि उताराला वारा लागतो. भिजलेले सूत अंगाला गार चिकटते, तर लोकर ओली असूनही थोडी ऊब धरून ठेवते. आपल्याकडील धनगराच्या घोंगडीला हे शास्त्र कुणी शिकवावे लागले नव्हते.

कपड्यांचा प्रश्न मात्र ऊब आणि घाम यांवर थांबला नाही. १८७८ साली इंग्लंडात सायकलप्रवाशांचा जो क्लब स्थापन झाला त्याने सभासदांसाठी गणवेश ठरविला. आधी हिरव्या सर्जचा, आणि हिरव्यावर धूळ फार दिसते म्हणून पुढे करड्या रंगाचा. ठरावीक हॉटेलांत क्लबच्या सभासदांना सवलतीचा दर असे. म्हणजे गणवेश हा धुळीसाठी होता तसाच दाराशी ओळख पटविण्यासाठीही होता. स्त्रियांची कथा याहून कठीण. लांब झगा साखळीत अडकतो हे उघड दिसत असताना त्यांनी तोच घालावा असा समाजाचा हट्ट! १८९३ साली सोळा वर्षांची टेसी रेनॉल्ड्स तुमान घालून ब्रायटनहून लंडनला जाऊन सुमारे साडेआठ तासांत परत आली. तिच्या वेगाइतकीच तिच्या तुमानीची चर्चा झाली. १८९८ साली लेडी हार्बर्टन यांना सरे परगण्यातील एका हॉटेलाने, त्यांनी सायकलची तुमान घातली म्हणून, कॉफीच्या खोलीत बसू दिले नाही. क्लबने खटला भरला आणि १८९९ मध्ये ज्यूरीने हॉटेलवालीच्या बाजूने कौल दिला. स्वतःचा तंबू बरोबर असण्याचे महत्त्व येथे कळते. ज्याचे छप्पर त्याच्या सायकलवर आहे, त्याला कुणाच्या दाराशी कपड्यांची परीक्षा द्यावी लागत नाही.

हे मर्म कामगारांनी ओळखले. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅम येथे सायकलमंडळ काढले, आणि त्याच्या शाखा इंग्लंडभर झाल्या. गिरण्या-कारखान्यांतली ही स्त्रीपुरुष मंडळी रविवारी बाहेर पडत आणि खेड्यापाड्यांत समाजवादाची पत्रके वाटत. १८९५ साली चेशायरमध्ये नट्सफर्डजवळ त्यांची छावणी पडली. त्यांच्या पिशवीत भाकरी, पंप आणि पत्रके हे तीनही जिन्नस असत. पत्रकांना वजन असते, पण जाताना वाटून टाकली की परतीचे ओझे हलके होते. आम्हा कार्यकर्त्यांना हा हिशेब चांगला माहीत आहे!

पण रविवार एकच, आणि लांबच्या सफरीला एक दिवस पुरत नाही. येथे सगळ्या यादीत न लिहिलेली वस्तू पुढे येते. ती वस्तू म्हणजे सुट्टी, आणि तीही पगारी. तंबू उसना मिळेल, सायकल जुनी चालेल. परंतु आठवडाभर घरी चूल पेटती राहील याची हमी नसेल तर कामगार कितीही हलकी पिशवी बांधो, तो गल्लीच्या टोकापलीकडे जाणार नाही. फ्रान्सने याचा दाखला दिला. १९३६ च्या मे-जूनमध्ये तेथे कारखानोकारखानी संप झाले, आणि २० जून १९३६ च्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याच उन्हाळ्यात सायकलींवर आणि दोघांच्या जोडसायकलींवर तंबू बांधून कामगार जोडपी रस्तोरस्ती निघाली. कित्येकांनी समुद्र त्या वर्षी प्रथमच पाहिला. होल्डिंगची संस्था निघून पस्तीस वर्षे झाली होती. पिशवी केव्हाच तयार होती. ती बांधण्याचा हक्क मात्र संपाने मिळवावा लागला.

आपल्या मुंबईचा हिशेबही याच दोन स्तंभांत मांडता येतो. एका बाजूला १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहण्यास निघाले. युरोपातून पायी आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे ओव्हल मैदानावरील भाषण ऐकून त्यांना ही स्फूर्ती झाली होती. भाषणे ऐकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान असे सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ ला परत आले. ज्या देशात साहेबाच्या दौऱ्याला हत्ती लागत, त्याच देशातील तरुणांनी आपले ओझे आपल्या चाकांवर घालून पृथ्वीला वळसा घातला.

दुसऱ्या बाजूला त्याच शहराचा गिरणीकामगार होता. त्याला रविवार मिळाला तोच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने, १८९० च्या जूनमध्ये. पगारी रजेची तरतूद कायद्यात यायला १९४५ साल उजाडले, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजेचा हिशेब घालून दिला. ती रजा कामगाराने बहुधा गावाकडे, शेताच्या कामासाठी किंवा लग्नकार्यासाठी खर्च केली. त्याला फिरण्याची हौस नव्हती असे समजण्याचे कारण नाही. रजा एवढीच होती आणि कर्तव्ये फार होती.

आज नायलॉनचा तंबू दीड किलोच्या आत येतो आणि त्याची किंमतही पुष्कळांच्या आटोक्यात आहे. आपल्या गावचे तरुण सायकली घेऊन कोकणात, गोव्यात जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच रस्त्यावर पाठीला भली मोठी चौकोनी पेटी बांधून लोकांचे जेवण घरोघर पोचविणारा मुलगाही आपण रोज पाहतो. पाठीवर भार घेऊ नये हा पहिला नियम त्याला लागू नाही. ओझे त्याचे नाही, आणि त्याच्या वर्षात पगारी रजेचा दिवस नाही.

तेव्हा या सुट्टीत कुणी सायकलवर सामान बांधणार असेल तर त्याला माझे सांगणे थोडके आहे. पिशवी रिकामी करा, निम्मे बाजूला काढा, जड ते खाली ठेवा, लोकरीचे एक वस्त्र विसरू नका. आणि परत आल्यावर, ज्यांना अजून पिशवी बांधता येत नाही त्यांच्या सुट्टीसाठी थोडा जोर लावा. तंबू हलका करण्यास एक हुशार शिंपी पुरला. सुट्टी मिळविण्यास मात्र पुष्कळ माणसे लागतात.