मेळाव्यांचे बिल्ले : प्रस्तावना

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातील डेकेटर येथे उत्तरेच्या माजी सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना उभी राहिली. १८९० च्या सुमारास तिचे सभासद चार लाखांवर गेले होते. तिची राष्ट्रीय अधिवेशने वेगवेगळ्या शहरांत भरत. शेवटचे १९४९ मध्ये इंडियानापोलिसला झाले. या मेळाव्यांसाठी काढलेले बिल्ले हा आपल्या अभ्यासाचा विषय. ते शौर्यासाठी मिळत नसत, हजेरीसाठी मिळत. म्हणूनच युद्ध कसे लढले गेले यापेक्षा ते कसे आठवले गेले, हे त्यांच्यावरून अधिक कळते.

बिल्ल्याची ठेवण बहुधा अशी : वर टाचणीची पट्टी, मध्ये रेशमी फीत, खाली लटकते पदक. पट्टीवरून धारकाचे काम कळते, पदकावर यजमान शहराची खूण दिसते. कधी त्रिदल पान किंवा चंद्रकोर आढळते. ही १८६३ पासून रणांगणावर वापरलेली कोअरची, म्हणजे सैन्यातील मोठ्या विभागांची, चिन्हे. जुना सोबती त्यांवरून ओळखू येई. स्थानिक शाखांच्या अनेक फिती दुहेरी असत. एरवी रंगीत बाजू पुढे असे आणि सोबत्याच्या अंत्ययात्रेत तीच फीत उलटून काळी बाजू वर घेतली जाई.

दक्षिणेच्या सैनिकांची संघटना १८८९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला स्थापन झाली. तिच्या बिल्ल्यांवरचे युद्धध्वज आणि सेनानींची चित्रे पराभवाला उदात्त रूप देतात. गुलामगिरीचा प्रश्न तिथे दिसत नाही. १९१३ मध्ये गेटिसबर्गला दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक एकत्र आले. मात्र उत्तरेकडून लढलेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकांना त्या समेटाच्या कथेत जवळजवळ जागा नव्हती. त्यामुळे संग्राहकाने दोन्ही बाजूंचे बिल्ले शेजारी मांडावेत आणि कोण गाळले गेले, हेही विचारावे.

नव्या अभ्यासकाला मोठ्या भांडवलाची गरज नाही. धातू घासून चमकवू नका, रेशीम धुऊ नका, उन्हात ठेवू नका. बिल्ल्यासोबत पत्र, छायाचित्र किंवा पाकीट मिळाले तर ते वेगळे करू नका. सैनिकाचे नाव बहुधा त्यातच सापडते. नाव मिळाले की पलटणीच्या नोंदी, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि त्या वर्षीची वृत्तपत्रे उघडतात. एकाच बिल्ल्यापासून सुरुवात करा आणि तो पूर्ण वाचा. या क्षेत्रात आपले मनापासून स्वागत.