फाइलीच्या पोटातील नाव

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांविषयी या पत्रिकेत लिहावे, हे काही ज्येष्ठ वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. आमचाही या खेळांवर रोष होता. २००२ साली आमचे चिरंजीव अकरावीत असताना मध्यरात्र उलटेपर्यंत संगणकापुढे बसत. आपण खेळत नसून नकाशा रचीत आहोत, हे त्याचे उत्तर आम्हांस तेव्हा निव्वळ पळवाट वाटे. गेल्या वर्षी जुन्या सीडी निवडताना तो नकाशा हाती लागला आणि त्याच्या निमित्ताने एका अपरिचित इतिहासात आमचा शिरकाव झाला.

या खेळांत नकाशा म्हणजे कागदावरचे रेखाटन नव्हे. ज्या वाड्यांतून, बोळांतून खेळाडू धावतो ती सारी वास्तू म्हणजे नकाशा. १९९३च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’ या खेळापासून असे नकाशे घरोघरी रचण्याची चाल पडली. वास्तू उभी राहिली की तिला संगीत हवे, आणि अडचण तेथे होती. ‘डूम’मधील संगीत केवळ स्वरांच्या सूचना देणारे होते, वाद्ये ज्या त्या संगणकाच्या ध्वनिकार्डाने पुरवायची. त्यामुळे एकच धून एका घरी भारदस्त, तर दुसऱ्या घरी पिपाणीसारखी वाजे. उलटपक्षी सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेई. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटच्या काळात तेवढी मोठी फाइल कोण उतरवून घेणार?

यावरचा मधला मार्ग युरोपातील हौशी तरुणांनी आधीच शोधून ठेवला होता. १९८५ साली कमोडोर कंपनीने अमिगा हा संगणक बाजारात आणला. त्यातील ‘पॉला’ नावाची चिप एका वेळी चार ध्वनी वाजवू शके. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने तिच्यासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा कार्यक्रम लिहिला. ‘ट्रॅकर’ हे नाव त्यावरून रूढ झाले. त्याचा पडदा आमच्यासारख्या भू-अभिलेख खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसास लगेच ओळखीचा वाटतो. उभे चार रकाने, आडव्या ६४ ओळी, आणि प्रत्येक घरात स्वर, वाद्याचा क्रमांक व एखादी आज्ञा. खतावणीच जणू, फक्त वरून खाली वाजत जाणारी. वाद्यांचे छोटे ध्वनिनमुने त्याच फाइलीत साठवलेले असतात.

आमच्या ग्वाल्हेरीत १९१८ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे स्वरलिपी आम्हां ग्वाल्हेरकरांस नवी नाही. भातखंडे लिपीत बंदिशीचे स्वर असतात, गवयाचा गळा नसतो. ट्रॅकरच्या फाइलीत स्वरलिपीही असते आणि गळाही. आणि एवढे सारे काहीशे किलोबाइटांत मावते.

पुढे हे तंत्र साध्या पीसीवर आले. फिनलंडच्या ‘फ्यूचर क्रू’ मंडळींचा ‘स्क्रीम ट्रॅकर ३’ आणि स्वीडनच्या ‘ट्रायटन’ गटाचा ‘फास्टट्रॅकर २’ हे दोन्ही १९९४चे; १९९५ साली ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम यांचा ‘इम्पल्स ट्रॅकर’ आला. चार रकान्यांचे बत्तीस, मग चौसष्ट झाले.

मे १९९८मध्ये आलेला ‘अनरिअल’ हा खेळ या परंपरेचा खरा वारस होय. त्याचे प्रमुख संगीतकार अलेक्झांडर ब्रँडन आणि मिखिएल फान डेन बोस हे दोघेही ट्रॅकर मंडळींतूनच वर आलेले. या खेळाने मूळ ट्रॅकर फाइल जशीच्या तशी ‘यूएमएक्स’ नावाच्या वेष्टनात ठेवली आणि नकाशा रचण्याचे साधन खेळासोबतच गिऱ्हाइकाच्या हाती दिले. नकाशाच्या गुणधर्मांच्या तक्त्यात धून निवडायची आणि ती कोणत्या खंडापासून वाजवायची तो आकडा भरायचा, की काम झाले.

या खंडांच्या व्यवस्थेचे आम्हांस फार कौतुक वाटते. ट्रॅकरची धून म्हणजे ६४ ओळींच्या पानांची क्रमवार यादी. नकाशात एखाद्या दाराशी अदृश्य खूण ठेवता येते. खेळाडू तेथे पोहोचला की धून यादीतील ठरलेल्या पानावर उडी घेते. शांत पडवीतून दालनात पाऊल टाकावे आणि त्याच वाद्यांनी युद्धाचा ताल धरावा! मात्र प्रत्येक खंडाच्या अखेरीस ‘परत आरंभी जा’ अशी आज्ञा लिहावी लागते. ती विसरल्यास शांत खंड संपताच, समोर शत्रूचा पत्ता नसतानाही, रणवाद्ये सुरू होतात. चिरंजीवांच्या नकाशात नेमके हेच झाले आहे. २००० सालच्या ‘ड्यूस एक्स’ या खेळात तर संचार, संभाषण, झुंज आणि मृत्यू यांसाठी एकाच धुनेचे निरनिराळे खंड आढळतात. जुन्या ‘डूम’लाही पुढे ही सोय लाभली. त्याची मूळ आज्ञावली १९९७च्या अखेरीस खुली झाली, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या ‘झेडडूम’मध्ये ट्रॅकरच्या फाइली वाजू लागल्या.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट. नकाशा रचणारे सारेच संगीतकार नसत. ते कुठल्या तरी संग्रहातून आवडलेली धून उचलीत. ‘डूम’च्या फाइलीत प्रत्येक नोंदीचे नाव फार तर आठ अक्षरांचे, तेव्हा धुनेचे मूळ नाव तेथेच गळून पडे. सोबतच्या मजकुरात श्रेय देण्याचा रिवाज होता. कोणी पाळी, कोणी पाळीत नसे. यास चोरी म्हणावयास आमची जीभ रेटत नाही, कारण पैसा कोणीच कमावीत नव्हते. पण ज्याच्या नावाची नोंद नाही त्याचा हक्क कसा बुडतो, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

चिरंजीवांच्या मजकुरात संगीतकार ‘अज्ञात’ असे लिहिलेले होते. तो सध्या पुण्यास असतो. आम्ही दूरध्वनीवर विचारले, तेव्हा म्हणाला, “बाबा, मासिकासोबतच्या सीडीवर सापडली होती हो. तिथे नाव नव्हतं.” त्याच्याच सांगण्यावरून आम्ही ती फाइल ट्रॅकरमध्ये उघडली. फास्टट्रॅकरच्या फाइलीत प्रत्येक वाद्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असते. त्या जागी वाद्यांची नावे नव्हतीच. एकाखाली एक रकाने वाचीत गेलो तसे वाक्य जुळत गेले: संगीतकाराचे नाव, १९९६ हे साल, धून कोठे वापरल्यास कळवावे ही विनंती, आणि खाली फिनलंडमधील टपालाचा पत्ता. चिरंजीवांनी ती वेष्टनात घातली तरी आतील अक्षर हलले नव्हते. तेवीस वर्षे नाव तेथेच होते. कोणी पान उलटले नव्हते इतकेच.

त्या वेळच्या मंडळींत असे लिहिण्याची सर्रास रीत होती, हे आम्हांस नंतर समजले. ज्या ‘डेमोसीन’ या हौशी चळवळीत ही माणसे वाढली, तिची फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली आपापल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आम्ही चिरंजीवांना मजकूर दुरुस्त करावयास लावले. त्याने कुरकुर केली, मग स्वतःहून खंडाची ती विसरलेली आज्ञाही घातली. फिनलंडच्या पत्त्यावर आम्ही इंग्रजीत एक पत्र रजिस्टर्ड टपालाने धाडले आहे. तीस वर्षांपूर्वीचा पत्ता. माणूस तेथे असेल याचा भरवसा नाही. पोचपावती अद्याप आलेली नाही, आणि पाकीटही परत आलेले नाही.