पाळणा आणि खोली

इतिहासकाराची दृष्टी तख्तावर आणि रणांगणावर सहज स्थिरावते. चाळीतील पाळण्याकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः मुंबईच्या आरोग्यखात्याचे 1921 सालचे अर्भकमृत्यूंचे आकडे एखाद्या बखरीइतकेच बोलके आहेत. एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार जन्मांमागे 828 मृत्यू. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत 133. शहर तेच, वर्षही तेच, भेद खोल्यांचा.

येथे सावधगिरी अवश्य बाळगावी. कोकणातील व घाटावरील कित्येक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद तिकडे होई, मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरी चढे. म्हणून पहिला आकडा फुगलेला आहे. परंतु ज्या शहराने या स्त्रीचे श्रम घेतले, तेथे तिला बाळंत होण्यापुरती जागा नव्हती, हे सत्य या दुरुस्तीनंतरही उरतेच. किंबहुना तीच त्याची साक्ष आहे.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. 1929 साली कायदा झाला. दारिद्र्य हा दैवयोग नसून व्यवस्थेचा प्रश्न आहे, याची ती कबुली होती.

फ्रीगंजात बसून हे लिहिताना उज्जैनच्या गिरण्याही आठवतात. त्यांचे भोंगे थांबले. परंतु वर्गातील मुलाचे खुरटलेले अंग आणि त्याच्या घरातील खोल्या यांचा संबंध आम्हा शिक्षकांनी आजही पडताळून पाहावा.