सोंपविलेलें धन

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायांत परदेशीं निघालेल्या एका धन्याची गोष्ट आहे. त्यानें आपलें द्रव्य तीन दासांजवळ सोंपविलें. दोघांनीं व्यापार करून तें वाढविलें. तिसऱ्यानें भिऊन जमिनींत पुरून ठेविलें. हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु आपल्याजवळ काय सोंपविलें आहे, हें न ओळखतांच पुष्कळांचें आयुष्य सरतें. या बाबतींत पंडिता रमाबाईंचें चरित्र बोधप्रद आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें लेकीस दिलें. पुढें आईबाप व थोरली बहीण अन्नान्न दशेंत वारलीं. मागें उरली ती विद्या. भावाबरोबर देशभर हिंडत रमाबाई 1878 सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां तेथील विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें.

1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. शास्त्र्याच्या घरीं मिळालेली ती विद्या त्यांनीं टाकून दिली नाहीं. देवाची ठेव म्हणून ती कामीं लाविली. 1889 सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून निराधार मुली आणल्या आणि केडगांवीं मुक्तिसदन उभें केलें. तेथें अक्षरांबरोबर शेती, विणकाम व छापखान्याचें काम शिकवीत. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकवीत. दयाळू मनुष्य भुकेल्यास अन्न देतो. परंतु त्या भुकेल्या हातांतहि देवानें कांहीं कौशल्य ठेविलें आहे, हें रमाबाईंनीं ओळखलें.

शेवटीं हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. संस्कृतांत सभा जिंकणाऱ्या या विदुषीनें अल्पशिक्षित बायकांस कळेल अशी साधी मराठी मुद्दाम योजिली. छपाई मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केली. 1922 च्या एप्रिलांत रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वीं भाषांतर पुरें झालें होतें.

मीं जन्मभर मुलांस शिकविलें. कठीण शब्द योजून आपली विद्वत्ता मिरविण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. म्हणून हा त्याग मला फार मोठा वाटतो.

आपणांपैकीं कोणाचा गळा गोड असेल, कोणाचा हिशेब चोख असेल, कोणास आजाऱ्याची शुश्रूषा साधत असेल. आज रात्रीं प्रार्थनेस बसतांना देवापाशीं आणखी मागण्यापूर्वीं, त्यानें दिलेलें आपण कोठें पुरून ठेविलें आहे, तें एकदां पाहूं या.